उसाचा रस, जुनी रम आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

मंडळाच्या संकेतस्थळावर मद्याचा विषय निघाला म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. विषय उसाचा आहे आणि गोष्ट आपल्याच भागात जन्मलेल्या एका माणसाची आहे. पण ती आम्हाला सुचली ती एका बाटलीमुळे, हे लपवण्यात अर्थ नाही.

झाले असे की, मंडळाच्या एका सदस्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. तो या खेपेस धारवाडला आला तेव्हा मार्टिनिक नावाच्या कॅरिबियन बेटावरून जुन्या रमची एक बाटली घेऊन आला. रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्याकडे जमलो होतो. आमच्यात खरे जाणकार कुणीच नव्हते. दोघांनी तर फक्त वास घेतला आणि पेले खाली ठेवले. रंग जुन्या मधासारखा. आधी लाकडाचा वास, मग वाळलेल्या अंजिराचा, किंचित मिऱ्याचा. घोट जिभेवर तिखट लागला आणि गिळल्यावर मागे काहीतरी हिरवे राहिले. ते हिरवे काय असावे यावर बराच वेळ चर्चा चालली. अखेर आमच्यातल्या सर्वांत वयस्क गृहस्थांनी, ज्यांच्या घरचे गुऱ्हाळ हल्याळच्या बाजूला होते, सोडवणूक केली. हा वास काहिलीचा नव्हे, चरकाचा आहे, असे ते म्हणाले. पहाटे पहिली मोळी चरकात गेली की जो वास सुटतो तो.

नंतर आम्ही माहिती काढली तेव्हा कळले की त्यांचे नाक अचूक होते. जगातली बहुतेक रम साखर काढून उरलेल्या मळीपासून बनते. आपल्याकडची तर जवळजवळ सगळीच. मार्टिनिक, ग्वाडेलूप या फ्रेंच बेटांवर मात्र मुख्यतः ताज्या उसाच्या रसापासून रम करतात आणि तिला शेतीची रम म्हणतात. तिथे ही रीत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एका संकटामुळे. युरोपात बिटाची साखर स्वस्त झाली, उसाच्या साखरेचा भाव पडला, आणि ऊस तर शेतात उभा. होमेर क्लेमाँ नावाच्या डॉक्टरने १८८७ मध्ये मार्टिनिकमधली एक मोठी इस्टेट विकत घेतली. रस थेट आंबवून गाळण्याच्या या पद्धतीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. तोडलेला ऊस दिवसभरात गाळायचा, रस आंबवायचा, उभ्या स्तंभाच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करायचे आणि ओकच्या पिंपात भरून ठेवायचे. निदान तीन वर्षे पिंपात राहिल्याशिवाय तिला जुनी म्हणता येत नाही. त्या उष्ण हवेत पिंपातला बराचसा माल दरवर्षी हवेतच उडून जातो. १९९६ पासून मार्टिनिकच्या या रमला फ्रान्समध्ये वाइनसारखे कायद्याचे नामाभिधान मिळालेले आहे. आणखी एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो. १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर त्या बेटांवरचा ऊस तोडायला १८५३ पासून जहाजे भरभरून मजूर नेले गेले, आणि ते आपल्या दक्षिण भारतातले होते. त्या घोटात आपलीही माणसे होती तर.

पण आमचे वयस्क सदस्य चरकावरच अडकून राहिले होते. त्यांच्या आजोबांचा लोखंडी चरक अजून शेतातल्या पडवीत पडून आहे, गंजलेला, आणि त्याच्या बाजूवर ओतीव अक्षरांत किर्लोस्कर असे नाव आहे. त्यांनी हे सांगितले आणि बाटली बाजूला राहिली. कारण तो चरक करणारा माणूस धारवाडहून तासा-दीड तासाच्या वाटेवर जन्मला होता आणि आमच्यातल्या निम्म्यांना ते ठाऊकच नव्हते. किर्लोस्कर म्हटले की आपल्याला पुणे आठवते, सांगलीकडची किर्लोस्करवाडी आठवते. गुर्लहोसूर आठवत नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूरला झाला. बेळगाव जिल्ह्यातले, सौंदत्ती तालुक्यातले हे गाव. घराणे मूळचे कोकणातले, किर्लोस गावावरून आडनाव आलेले, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडे कानडी मुलखात स्थिरावलेले. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांसारखेच. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. एका लहानशा खेड्याने मराठीला रंगभूमी दिली आणि कारखानदारीही दिली, आणि दोन्ही कानडी मातीतून. याचा अभिमान कोणत्या बाजूने बाळगायचा, यावर सीमाभागात भांडण होऊ शकते. आम्ही दोन्ही बाजूंनी बाळगतो.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. मुलाने त्याच वाटेने जावे अशी घरातली अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना सगळे रामूअण्णा म्हणत, त्यांनी पैशाची बाजू उचलली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी उघडकीस आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला हे कळते तेव्हा त्याचे काय होत असेल! लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांचे आरेखन शिकले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायला लागले. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेतली यंत्रे स्वतः हाताळून पाहिली. वाफेच्या इंजिनापासून लेथपर्यंत हात बसला. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी कधी घेतली नाही.

दरम्यान रामूअण्णांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले होते. भाऊ मुंबईहून माल पाठवी, रामूअण्णा तो विकत आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवत. ते दुकान ज्या रस्त्यावर होते तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. बेळगावला खरेदीला गेलो की आपण सगळेच तिथून जातो. मुंबईत लक्ष्मणरावांची हक्काची बढती डावलून ती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी १८९७ मध्ये नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. पगाराची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात बसणे हे त्या काळच्या सुशिक्षित घरात कसे घेतले गेले असेल याची कल्पना करता येते.

तिथे त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. आणि इथे त्यांच्या आयुष्यातली ती दोन वर्षे येतात, जी आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटतात. नांगर तयार झाला, पण कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

या समजाला आज हसणे सोपे आहे. आम्ही तसे हसणार नाही. आपल्याकडची लाकडी रंटे गावातला सुतार करी, मोडली तर तोच दुरुस्त करी, आणि त्याला सुगीत धान्य मिळे. लोखंडी नांगर आला की पैसा रोख, मोडला तर सुटा भाग बेळगावहून, आणि ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याने काय करावे? शेतकऱ्याची शंका लोखंडाच्या विषाबद्दल होती तितकीच या सगळ्याबद्दल असणार. दुसरीकडे, काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा घुसला की लाकडी नांगर त्याच्या मुळापर्यंत पोचत नाही, हेही शेतकऱ्याला दिसत होते. लोखंडी नांगर खोल जाई आणि मुळे वर काढी. त्या एका गोष्टीने हळूहळू वाद मिटवला. ओतीव फाळ फार कडक झाला तर दगडावर तुटतो, मऊ राहिला तर महिन्यात झिजतो. त्यामुळे धातूची ती मधली जागा सापडेपर्यंत ओतशाळेला स्वस्थता नाही. ही सगळी मेहनत ज्या काळात चालली त्या काळात हातात भांडवल जवळजवळ नव्हते.

नांगर चालू लागले आणि बेळगावातली जागा गेली. नगरपालिकेला तिथे नवी वस्ती वसवायची होती, कारखाना हलवावा लागला. चाळिशी गाठलेला माणूस, बायकामुले, यंत्रे, कामगार, आणि जायला जागा नाही. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. ते स्वतः चित्रकार. औंधच्या देवीच्या देवळाचा सभामंडप बांधण्याचे काम त्यांनी आधी किर्लोस्करांना दिले होते आणि त्यांचे काम त्यांना ठाऊक होते. कारखान्यासाठी औंध संस्थानातली जमीन मिळाली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही. जागा कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची, ३२ एकरांचा माळ, निवडुंगाने भरलेला आणि नागांनी. १९१० मध्ये तिथे पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव उतरले. तीच किर्लोस्करवाडी. स्टेशनाचे नावही पुढे तेच झाले.

वाडीच्या पहिल्या माणसांची यादी वाचण्यासारखी आहे. रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत. शंभूराव जांभेकर यंत्रांचे बघत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, आणि शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फाळणीकर काम करता करता इंजिनिअर झाले. राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही तुरुंग पाहून आलेले. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण दिली आणि ती त्यांनी इमानाने केली. वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. वेदान्ती घरातला ब्राह्मण १९१० च्या दशकात हे करतो तेव्हा नातेवाइकांत त्याचे काय बोलले गेले असेल, ते आपल्या घरातल्या जुन्या मंडळींना विचारावे.

आता चरक. किर्लोस्करवाडीच्या मालाची यादी नांगरापाशी थांबली नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आले, ऊस गाळण्याचे चरक आले. लोखंडी चरक हा काही लक्ष्मणरावांचा शोध नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. बिहारमध्ये बिहिया इथे थॉमसन आणि माइल्न या दोघांनी १८७० च्या दशकात लोखंडी लाटांचा चरक काढला होता आणि तो देशभर पसरला होता. लक्ष्मणरावांनी केले ते असे, की हे यंत्र आपल्या मुलखात, आपल्या शेतकऱ्याच्या बैलांना झेपेल असे ओतले आणि त्याचे सुटे भाग मिळतील अशी सोय केली.

लाकडी चरक कसा असे ते ज्यांनी पाहिले असे आता आपल्यात एखाद-दुसरेच. बाभळीच्या जाड उभ्या लाटा, बैल गोल फिरताहेत, लाटा कुरकुरताहेत, आणि कांडे दोन-दोनदा घालूनही चिपाडात रस राहतोच. आपल्याकडे कानडीत या यंत्राला गाण म्हणतात आणि उसाच्या रसाला कब्बिन हालु, उसाचे दूध. त्या दुधासारखेच ते नासते. लाकडाच्या भेगांत रस मुरतो, तिथे आंबतो, आणि धुऊनही जात नाही. दुसऱ्या दिवशीच्या ताज्या रसाला तेच विरजण लागते. मग काहिलीत कितीही आटवा, गूळ बसत नाही, काकवीच राहते. भेंडीच्या झाडाच्या रसाने मळी काढून घ्या, चुलवाणाचा जाळ हवा तसा ठेवा, गुळव्या कितीही मुरलेला असो, रसच आंबलेला असेल तर त्याचा हात चालत नाही. गुळव्याची परीक्षा तर आमच्या त्या रविवारच्या परीक्षेपेक्षा कितीतरी कठीण. उकळत्या काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची, आणि ती भांड्यावर आपटून आवाजावरून ठरवायचे की आदण उतरवायचे की नाही. त्याची पावती लगेच ढेपेच्या भावात.

लोखंडी चरकाने रस जास्त निघाला, लवकर निघाला, आणि लाटा धुऊन स्वच्छ करता आल्या. मार्टिनिकचे लोक ऊस तोडल्या दिवशीच गाळायचा हट्ट धरतात तो याच कारणाने. त्यांना रस आंबवायचाच असतो, पण त्यांच्या मर्जीने. आम्हाला बाटलीत जो हिरवा वास लागला तो वेळेवर गाळलेल्या रसाचा. इतकी वर्षे पिंपात राहूनही तो गेला नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणे बंद झाले. ओतशाळा चालवायची कशी? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी वाडीहून किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. आधी मालाची माहिती देण्यासाठी, पण शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे विचारांचे मासिक केले. पुढे त्याला स्त्री आणि मनोहर ही भावंडे झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, हुबळीत काय नि धारवाडात काय, आजीच्या कपाटात हे अंक होते. १९२६ मध्ये वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. कृष्णाकाठच्या रानांत पंपांनी पाणी चढू लागले आणि त्या पाण्यावर ऊस वाढला. त्या भागात पुढे साखर कारखाने आले, गुऱ्हाळे मागे पडली, हाताचे-बैलांचे चरक पडवीत गेले. म्हणजे लक्ष्मणरावांच्या एका यंत्राने त्यांच्याच दुसऱ्या यंत्राचे दिवस संपवायला हातभार लावला. साखर कारखान्यांबरोबर मळी आली, मळीबरोबर दारूच्या भट्ट्या आल्या. उसाने किती घरे उभी राहिली आणि मळीच्या दारूने किती बसली, याचा हिशेब आम्ही मांडू शकत नाही. तो पेला हातात असताना हा विचार आमच्यातल्या एका ताईंनी बोलून दाखवला आणि मग काही वेळ कुणी बोलले नाही.

थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून शिकून आले आणि वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. बरोबर गेलेला चुलतभाऊ माधव परतला नाही, तो तिथेच वारला. घराने ते दुःख गिळले. मुलांच्या हाती कारभार आल्यावर कामाचा पसारा वाडीबाहेर वाढला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेकाठी हरिहरला लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्कर निघाला. हुबळीहून बंगळूरला गाडीने जाताना हरिहर लागते. आपल्या मंडळाच्या जुन्या सदस्यांपैकी काहींचे नातेवाईक तिथे कामाला होते. तो कारखाना आता बंद आहे. १९४६ मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याला ऑइल इंजिन्स. आपल्या गोकुळ रोडवरचा कारखाना त्या इलेक्ट्रिकचाच. बेळगावातून उठवल्या गेलेल्या माणसाचे नाव असे पुन्हा या भागात फिरून आले.

१९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माळ साफ करून एकेक भिंत उभी केलेल्या माणसाने ती जळताना पाहणे, यावर काही लिहावे असे आम्हाला वाटत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा चालू झाला, एवढे नोंदवतो. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यानंतर सव्वा महिन्यातच, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली. गुर्लहोसूर म्हैसूर राज्यात आले, किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्या रविवारनंतर आम्ही पाच जण हल्याळच्या बाजूला जाऊन तो चरक पाहून आलो. लाटा अजून जागेवर आहेत, दाते मात्र झिजलेले. एका बाजूला कोंबड्यांनी घर केले आहे. सदस्यांच्या पुतण्याला तो भंगारात द्यायचा होता, भावही ठरला होता. आम्ही त्याला थांबवले आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा मेळा भरतो तेव्हा तिथे तो ठेवता येईल का, याची चौकशी चालू आहे. नाहीतर मंडळाच्या अंगणात जागा करावी लागेल, आणि तो उचलायला निदान सहा माणसे लागतील. ज्यांना येता येईल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. बाटलीत अजून थोडी शिल्लक आहे, पण ती त्या कामासाठी मिळणार नाही, असे यजमानांनी कळवले आहे. उसाचा रस मिळेल.